क्लॅरिओनेटचे वरचे सूर : चिरकण्यापासून गोडव्यापर्यंत

बँडमध्ये नवीन आलेल्या मुलांचं एकच गाऱ्हाणं असतं. खालचे सूर बरे लागतात, पण गाणं अंतऱ्याला गेलं की क्लॅरिओनेट चिरकतं. सूर बारीक होतो, टोचतो, नाहीतर मध्येच फाटून भलतंच काहीतरी वाजतं. मालवण, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात मी जी मुलं शिकताना पाहिली, त्यातल्या बहुतेकांची गाडी इथेच अडली. माझी दोन वर्षं अडली होती. खालच्या ओठाला आतून कायमचा वळ पडलेला, आणि तरी विसर्जनाच्या दिवशी किनाऱ्यावर आरतीच्या वरच्या ओळीला माझा सूर बसायचा नाही. मी समजायचो की ताकद कमी पडतेय, म्हणून आणखी चावायचो. तीच चूक होती. नवीन शिकणाऱ्यांची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वाद्याचा स्वभाव समजून घ्या. बासरीत जोरात फुंकलं की सा वरून तार सा येतो. क्लॅरिओनेटची नळी सरळ, आणि माउथपीसच्या टोकाला ती बंद नळीसारखी वागते. त्यामुळे अंगठ्याची रजिस्टर चावी दाबली की सा वरून तार सा येत नाही, थेट तार सप्तकातला प येतो. डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा बंद ठेवून फुंका, नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी, वाजेल. बोटं तशीच ठेवून अंगठ्याची चावी दाबा, वरच्या सप्तकातली पांढरी चार वाजेल. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७०० च्या सुमारास जुन्या शालुमो वाद्याला ही चावीची युक्ती जोडली आणि त्यातून क्लॅरिओनेट झालं, असं मानतात. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचंय : वरचा प हा खालच्या सा च्या पोटातच असतो. चावी फक्त त्याला वाट करून देते. खालचा सूर पोकळ असेल, तर वरचा भरीव निघणारच नाही.

काय काय लागेल

- चालू स्थितीतलं क्लॅरिओनेट. लाकडी असो वा प्लॅस्टिकचं.
- सारख्या नंबरच्या किमान चार रीड (माउथपीसवर बसवायची पातळ काडी), आणि त्या सपाट राहतील अशी डबी
- फोनवर ट्यूनर आणि तानपुरा
- छोटा आरसा
- सिगरेटचा पातळ कागद
- ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणि काचेचा सपाट तुकडा
- कॉर्कला लावायचं ग्रीस, आतून पुसायचं सुती कापड
- घरात हार्मोनियम असेल तर उत्तम. आपल्याकडे भजनाच्या घरात ती असतेच.

१. दोष वाद्याचा की तुमचा, ते आधी ठरवा

पॅड, म्हणजे चावीखालची भोक झाकणारी गादी, गळत असेल तर जगातला कुणीही त्यावर वरचा सूर नीट काढणार नाही. वाद्याचा वरचा अर्धा भाग वेगळा करा, त्याची भोकं बोटांनी नेहमीसारखी बंद करा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ दोन-तीन सेकंद टिकली तर ठीक. लगेच सुटली, तर कुठेतरी गळतंय. मग सिगरेटचा कागद एकेका पॅडखाली धरून चावी बंद करा आणि कागद हलकेच ओढा. जिथे तो सहज सुटतो, तिथे रोग. दुरुस्ती कारागिराकडून करून घ्या, घरी फेव्हिकॉल लावून पॅड चिकटवू नका.

अंगठ्याच्या चावीखाली एक बारीक धातूची नळी असते आणि ती आत डोकावते. त्यात पाणी साचलं की वरचे सूर खरखरतात. कापड फिरवताना ते गोळा होऊन याच नळीला अडकतं. अडकलं तर जोर लावून खेचू नका, आल्या वाटेने हळूच मागे घ्या. कापड नेहमी पसरून, सुरकुतू न देता सोडायचं.

बँडकडून मिळालेलं जुनं वाद्य बहुधा अल्बर्ट पद्धतीचं, म्हणजे चाव्यांच्या जुन्या मांडणीचं असतं. मेरठहून येणारी बरीच वाद्यंही तशीच. त्याची काही बोटं आताच्या नेहमीच्या बोहम पद्धतीपेक्षा वेगळी पडतात. म्हणून इंटरनेटवरचा बोटांचा तक्ता बघण्याआधी आपलं वाद्य कुठलं ते मास्तरांना विचारून घ्या.

२. रीड

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण वरच्या सुरांचा निम्मा त्रास इथे असतो.

रीड आरुंडो डोनॅक्स नावाच्या बोरूसारख्या उंच गवतापासून करतात. जिवंत काडीच ती, पाणी पिते, फुगते, वाकते. तिच्यावर नंबर असतो : दीड, दोन, अडीच, तीन. नंबर जितका मोठा तितकी रीड कडक. नवशिक्याला दोन किंवा अडीच बरी. एका कंपनीची अडीच दुसऱ्या कंपनीच्या अडीचसारखी नसते, म्हणून कंपनी बदललीत तर पुन्हा अंदाज घ्या.

फार मऊ रीडवर खालचे सूर झकास वाजतात आणि तिथेच माणूस फसतो. वर गेलं की ती माउथपीसला चिकटते, सूर उतरतो आणि गुदमरतो. फार कडक असेल तर सुराआधी नुसती हवा ऐकू येते. ओळखायची सोपी खूण सांगतो. वरचा सूर हळूहळू मोठा करत न्या. मोठा करताना तो बंदच झाला तर रीड मऊ, लहान करताना नुसती फुसफुस उरली तर रीड कडक.

लावताना रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी अगदी बरोबरीत हवं. समोरून पाहिलंत की रीडच्या वर माउथपीसची काळी रेघ केसाएवढी दिसावी. रीड केसभर वर गेली तर सूर जड होतो, खाली आली तर पातळ आणि चिरका. हा केसाचा फरक खालच्या सुरांत कळत नाही, वर लगेच कळतो. रीड धरून ठेवणाऱ्या पट्टीचे स्क्रू दोन बोटांनी फिरतील इतपतच आवळा.

आता रीडची समतोल परीक्षा. माउथपीस तोंडात किंचित डावीकडे वळवून फुंका, म्हणजे रीडची एक बाजू ओठाने दबेल आणि दुसरी मोकळी राहील. मग उजवीकडे वळवून तोच सूर फुंका. एका बाजूला मोकळा आणि दुसऱ्या बाजूला अडलेला वाटला, तर सूर अडला तेव्हा रीडची जी बाजू मोकळी होती ती जाड आहे. काचेवर पॉलिश पेपर ठेवा आणि त्या बाजूची कड, टोक सोडून, तीन-चार वेळा हलकेच घासा. पुन्हा वाजवून बघा. टोकाला हात लावू नका, ते कागदापेक्षा पातळ असतं आणि एका चुकीत रीड गेली म्हणून समजा.

रीड एक संपली की दुसरी काढायची, असं करू नका. चार रीडवर नंबर घाला आणि आळीपाळीने वापरा. वाजवून झालं की पुसून काचेवर सपाट ठेवा. माउथपीसवर तशीच सोडलेली रीड आपल्या पावसाळ्यात दोन दिवसांत बुरसटते. जुलैमध्ये मी तसं केलंय, आणि ऐन गणपतीत हातात एकही धड रीड नव्हती.

३. तोंडाची पकड

रीड आणि माउथपीस यांच्या मधून सिगरेटचा कागद खाली सरकवा. जिथे तो अडतो, तिथे रीडवर पेन्सिलीने बारीक खूण करा. खालचा ओठ साधारण तिथेच यायला हवा. नवीन मुलं बहुतेक वेळा फार कमी माउथपीस तोंडात घेतात, म्हणून वरचे सूर पिचकतात. फार जास्त घेतलं तर किंकाळी फुटते. दोन्ही करून बघा, मग मधली जागा आपोआप सापडेल.

खालचा ओठ दातांवर पातळ दुमडलेला, हनुवटी सपाट आणि खाली ताणलेली, तोंडाचे कोपरे आत घेतलेले. आरशात बघा : हनुवटीवर आंब्याच्या कोयीसारख्या सुरकुत्या गोळा झाल्या, तर तुम्ही खालून वर दाबताय. दाब सगळीकडून यायला हवा, पिशवीच्या तोंडाला नाडी आवळल्यासारखा.

चावण्याची खोड मोडायला एकच औषध मला लागू पडलं. वरचा ओठही वरच्या दातांखाली दुमडायचा आणि दोन्ही ओठांनी धरून वाजवायचं. चावलंत तर दुखतं, म्हणून चावता येतच नाही. रोज पाच मिनिटं एवढं पुरे. पहिल्या आठवड्यात सूर डळमळेल, त्याकडे लक्ष देऊ नका.

४. हवा

गावाकडे चूल पेटवताना फुंकणी वापरलीय का? निखारा विझत असेल तर आई हळूहळू फुंकत नाही, आणि एकदम फाड्कन्‌ही फुंकत नाही. पोट आत घेत बारीक, वेगवान, न तुटणारी फुंकर सोडते. वरच्या सुराला तीच हवा हवी. जास्त हवा नको, वेगवान हवा हवी. वर जाताना पुष्कळजण नेमके उलटं करतात : सूर चुकेल या धास्तीने फुंकणं आवरतात आणि कमी पडलेला भाग दाताने भरून काढतात.

तळहात तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा. आधी आरसा पुसायला तोंडाने हाऽ करतो तशी हवा सोडा, ती गरम लागेल. मग गरम चहावर फुंकर घालतो तशी सोडा, ती गार लागेल. वरच्या सुराला गार हवा. खांदे वर चढू देऊ नका, श्वास कमरेच्या पट्ट्याच्या जागी भरतो.

५. जीभ : इथे सगळं आहे

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती दोन वर्षं वाचली असती.

शीळ घाला. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत नेत जा. ओठ जवळजवळ हलत नाहीत, जिभेचा मागचा भाग मात्र टाळूकडे चढतो. क्लॅरिओनेटच्या वरच्या सुरात जिभेचं तेच काम आहे. "आ" म्हणा, जीभ खाली असते. "ई" म्हणा, जिभेच्या दोन्ही कडा मागच्या वरच्या दाढांना लागतात. तोंडाचा आकार बाहेरून न बदलता आत "ई" ठेवायचं. मी मुलांना "ही" म्हणायला सांगतो, कारण "ह" मुळे हवा सुरू होते आणि "ई" मुळे जीभ वर राहते. गळा मात्र मोकळाच ठेवायचा. जीभ वर गेली की गळाही आवळायचा, ही सवय लागू देऊ नका.

हे तपासायला माउथपीस आणि बॅरल (त्याच्या लगेच खालचा छोटा गोल तुकडा) एवढंच जोडा. बाकीचं वाद्य बाजूला ठेवा. फुंका आणि हार्मोनियमवर सूर शोधा. तार सप्तकातली काळी तीन यायला हवी. त्यापेक्षा खाली आली तर जीभ पडलीय किंवा पकड सैल आहे. वर गेली तर तुम्ही चावताय. मला सुरुवातीला ती पांढरी पाचकडे झुकलेली यायची, आणि मास्तरांनी त्यावरूनच ओळखलं की मी घरी किती चावतो ते. रोज वाद्य जोडण्याआधी एक मिनिट ही काळी तीन तानपुऱ्यासारखी स्थिर धरून ठेवा.

६. अंगठ्याच्या चावीचा रियाज

आमच्या मास्तरांची परीक्षा अशी होती. ते म्हणायचे, "तू खालचा सूर धर, डोळे मीट." मी लांब, जाड सूर धरला की ते मागे उभे राहून कधीही, न सांगता, माझ्या अंगठ्याच्या चावीवर बोट ठेवायचे. सूर आपसूक वर उडाला तर पास. अडखळला, घरघरला किंवा उशिरा आला तर ते म्हणायचे, "झिला, व्हट कित्याक आवळतंस? वारो सोड, वारो!"

यात मोठी गोष्ट आहे. चावी कधी दाबली जाणार ते ठाऊक नसल्यामुळे तुम्ही वर जायची "तयारी" करू शकत नाही. खालच्या सुरातच सगळं बरोबर असावं लागतं. एखाद्या मित्राला किंवा बहिणीला मागे उभं करून हा खेळ रोज दहा वेळा करा.

एकट्याने करायचा रियाज असा :

सहा बोटं बंद करून खालचा सूर चार मात्रा धरा. न थांबता, जिभेने सूर न तोडता, चावी दाबून चार मात्रा वरचा धरा. मग पुन्हा खाली. खाली येताना सूर वरच अडकून राहिला, तर चावण्याचा तोच जुना रोग. एकेक बोट उघडत हे करत वर जा. वरचा सूर आला एवढ्यावर समाधान मानू नका, तो खालच्याइतकाच रुंद आहे का ते ऐका. नसेल तर पुढच्या बोटावर जाऊ नका.

मधल्या जागी एक खिंड आहे. जवळजवळ सगळी बोटं उघडी असलेल्या सुरांवरून पुढच्या सुराला जाताना सगळी बोटं एकदम बंद करून अंगठ्याची चावीही दाबावी लागते. तिथे सूर फुटतो कारण एखादं बोट उशिरा पोचतं, बहुतेक वेळा उजव्या हाताचं अनामिक. यावर जुनी युक्ती : आधीचे उघडे सूर वाजवतानाच उजव्या हाताची बोटं भोकांवर ठेवून द्या. त्या सुरांना फारसा धक्का लागत नाही, उलट त्यांचा पोकळपणा कमी होतो, आणि उडी मारताना निम्मी बोटं आधीच जागेवर असतात.

७. त्याही वर जायचं असेल तर

हा टप्पा आधीचे सगळे सूर गोड लागल्यावरच. बोहम पद्धतीच्या वाद्यावर डाव्या हाताची तीन बोटं, अंगठा आणि चावी बंद असा सूर धरा आणि फक्त डाव्या हाताची तर्जनी उचला. जीभ "ई" वर असेल तर सूर उडी मारून वर जाईल. उडीआधीचा सूर सा धरलात तर नवा सूर शुद्ध ध आहे. तो थोडा उतरा लागतो, म्हणून उजव्या करंगळीची वरची चावी दाबून चढवायचा. तर्जनी पूर्ण उचलण्याऐवजी भोकावरून अर्धी सरकवलीत तर उडी मऊ होते.

इथे दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. ओठ थकले की माणूस चावायला लागतो, आणि आठवडाभर मोडलेली खोड एका दुपारी परत येते.

कान तयार करायला दक्षिणेतले क्लॅरिओनेटवादक ए. के. सी. नटराजन यांचं वादन ऐका. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. कर्नाटक संगीतातली गमकं हे वाद्य वरच्या सुरांतही कशी पेलतं, ते त्यांच्याकडून कळतं. ऐकताना वरचा सूर किती लांबून, न घाई करता येतो तिकडे लक्ष ठेवा.

८. आपली हवा, आपला पाऊस, आपल्या मिरवणुका

किनाऱ्यावर खारं वारं वाद्याच्या स्प्रिंगा खातं. बारीक सुईसारख्या स्प्रिंगा गंजल्या की चावी आळसावते आणि पॅड पूर्ण बसत नाही. दर पंधरवड्याला चावीच्या सांध्यांना सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल द्या, पॅडला लागू देऊ नका. समुद्रावर वाजवून आलात की चाव्या कोरड्या कापडाने पुसा आणि मगच पेटीत ठेवा. पावसाळ्यात पॅड फुगतात, म्हणून गणपतीच्या पंधरा दिवस आधी कागदाची परीक्षा पुन्हा करा.

लाकडी वाद्य ग्रेनाडिला नावाच्या काळ्या आफ्रिकी लाकडाचं असतं. त्याला अचानक बदल सोसत नाही. एसी गाडीतून उतरून एप्रिलच्या उन्हात वरातीला लगेच जोर लावू नका. वाद्य काखेत धरून आधी बाहेरच्या हवेला येऊ द्या. भर पावसातल्या विसर्जनाला मी प्लॅस्टिकचंच नेतो.

मिरवणुकीत ट्रम्पेट, ढोल आणि पुढच्या गल्लीतला डीजे यांच्यात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. मग माणूस जोर करतो आणि सूर फाडतो. तिथे वरच्या सुरांचा रियाज करायचाच नाही. धून एक सप्तक खाली वाजवा, फक्त शेवटची ओळ वर न्या. ज्यांच्या ओठांना रात्री अकरापर्यंत वाजवायचंय त्यांनी तर हे नक्कीच करावं. वरच्या दातांखाली माउथपीसवर रबराची पातळ पट्टी चिकटवली तर दातांना हादरे कमी बसतात.

रोजचा अर्धा तास

बॅरलवर काळी तीन, एक मिनिट. दोन्ही ओठ दुमडून खालचे लांब सूर, पाच मिनिटं. अंगठ्याच्या चावीचा रियाज, दहा मिनिटं. खिंड ओलांडण्याचा एकच तुकडा अगदी सावकाश, पाच मिनिटं. मग तुम्हाला आवडणारी एखादी आरती किंवा अभंग, ज्याचा अंतरा वर जातो, तो निम्म्या लयीत. शेवटी पुन्हा खालचा जाड सूर, ओठ सैल सोडून.

महिनाभराने मागे कुणाला तरी उभं करा, डोळे मिटा, आणि न सांगता चावी दाबायला सांगा.